कांद्यांतील क्वेर्सेटिन आणि कर्करोग

कांदा, द्राक्षें, संत्रीं, सोयाबीन, चहा इत्यादि नित्याच्या पदार्थांत कर्करोगावर चालणारीं द्रव्यें असतात, असें अलीकडे वारंवार ऐकूं येतें. ही बातमी खोटी नाहीं, परंतु ती अर्धी आहे. आणि अर्ध्या बातमीनें दोन प्रकारचें नुकसान होतें. ज्याच्या घरांत रोगी आहे तो इस्पितळाची वाट सोडून रसाच्या व चूर्णाच्या मागें लागतो; आणि ज्याच्या चाळींत माल आहे त्यास आपल्या गोणीवर "कर्करोगनाशक" अशी चिठ्ठी लावून चार पैसे अधिक मिळवावे असा मोह होतो. आपल्या सभासदांत दोन्ही प्रकारचे गृहस्थ असावयाचेच. याकरितां या द्रव्यांविषयीं शास्त्राला जें माहीत झालें आहे तें क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे. उदाहरणासाठीं मुख्यतः कांदा घेतला आहे. तो आपल्या शेतांतला, आणि ज्या द्रव्यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत तें क्वेर्सेटिन त्यांत चांगल्या प्रमाणांत असतें.

फ्लेव्होनॉइड म्हणजे काय

फ्लेव्होनॉइड हें एका द्रव्याचें नांव नसून वनस्पतींत आढळणाऱ्या द्रव्यांच्या एका मोठ्या कुळाचें नांव आहे. लॅटिन भाषेंत 'फ्लाव्हुस' म्हणजे पिवळा. या कुळांतील पुष्कळ द्रव्यें पिवळीं असल्यामुळें हें नांव पडलें. या सर्वांचा सांगाडा एकच आहे : कार्बनच्या सहा-सहा अणूंच्या दोन बाजू आणि त्यांस जोडणारा तीन अणूंचा सांधा, मिळून पंधरा अणु. या सांगाड्यावर कोठें काय चिकटलें आहे यावरून एकेक द्रव्य निराळें होतें. अशीं सहा हजारांहून अधिक द्रव्यें आजवर ओळखलीं गेलीं आहेत. कांद्यांत व सफरचंदांत क्वेर्सेटिन, संत्र्यांत हेस्पेरिडिन, सोयाबीनमध्यें जेनिस्टीन, चहाच्या पानांत कॅटेचिन, आणि तांबड्या कांद्यास, काळ्या द्राक्षास व जांभळास रंग देणारीं अँथोसायनिन, हीं सर्व एकाच कुळांतलीं भावंडें होत.

हीं द्रव्यें औषधी आहेत ही कल्पना नवी नाहीं. हंगेरींतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनीं १९३६ सालीं सहकाऱ्यांसह असें प्रसिद्ध केलें कीं, लिंबांतून काढलेलें फ्लेव्होनॉइडांचें मिश्रण बारीक रक्तवाहिन्या बळकट करतें. त्यास त्यांनीं 'पी जीवनसत्त्व' असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं 'सी' जीवनसत्त्वासंबंधींच्या व इतर संशोधनाबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हीं द्रव्यें आहारांत नसल्यानें अमुक रोग होतो हें कांहीं केल्या सिद्ध होईना. म्हणून १९५० सालीं 'पी जीवनसत्त्व' हें नांव सोडून देण्यांत आलें. एवढ्या थोर माणसाचें म्हणणेंही पुढील प्रयोगांच्या कसोटीस लावलें गेलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

झाडाला त्यांचा उपयोग

वनस्पति हीं द्रव्यें माणसाच्या औषधासाठीं तयार करीत नाहीं. स्वतःच्या रक्षणासाठीं व व्यवहारासाठीं करते. उन्हांतील अतिनील किरणांपासून पानाचा बचाव करणें, फुलांस रंग देऊन मधमाशा बोलावणें, हीं कामें त्यांच्याकडे असतात. द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठी आपण सर्वांनीं उपटून पाहिल्या आहेत. त्या गांठी बांधणाऱ्या जिवाणूंस 'आतां कामास लागा' असा निरोप देण्याचें कामही फ्लेव्होनॉइडच करतात. लसूणघासाच्या बाबतींत हा निरोप देणारें द्रव्य ल्युटिओलिन हें होय, असें अमेरिकेंत १९८६ सालीं दाखविण्यांत आलें.

कांद्यापुरतें पाहिलें तर एक जुना शोध शेतकऱ्याच्या विशेष उपयोगाचा आहे. कांद्याच्या सालीवर काळीं वर्तुळें पाडणारी एक बुरशी आहे. ती पांढऱ्या कांद्यावर लौकर पडते. तांबड्या व पिवळ्या कांद्यावर सहसा पडत नाहीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे वॉकर व त्यांचे सहकारी यांनीं १९२९ सालीं याचें कारण शोधून काढलें. रंगीत कांद्याच्या वाळलेल्या सालींत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल असतें आणि तें त्या बुरशीचें बीज रुजूं देत नाहीं. हें आम्ल सालींतील क्वेर्सेटिन मोडून तयार होतें, हें पुढें कळलें. म्हणजे जें द्रव्य आज औषध म्हणून चर्चिलें जात आहे, तें मूळचें कांद्याच्या घराचें राखणदार आहे.

कांद्यांत तें किती असतें

रंगीत कांद्याच्या १०० ग्रॅम ओल्या गरांत क्वेर्सेटिन साधारणतः २० ते ४० मिलिग्रॅम असतें. जात, हंगाम व साठवण यांप्रमाणें हें प्रमाण कमीजास्त होतें. पांढऱ्या कांद्यांत तें जवळजवळ नसतेंच. एकाच कांद्यांत बाहेरील पापुद्र्यांत अधिक व गाभ्याकडे कमी अशी त्याची वांटणी असते. वाळलेल्या सालींत तर सर्वांत अधिक असतें. म्हणून सोलतांना बाहेरचे दोन-तीन मांसल पापुद्रे काढून टाकले कीं मोठा हिस्सा उकिरड्यावर जातो. कांदा उकडला तर कांहीं भाग पाण्यांत उतरतो. तें पाणी आमटींत घातलें तर वायां जात नाहीं. तेलावर परतल्यानें फारसें नुकसान होत नाहीं.

येथवर गोष्ट सरळ आहे. कांदा हें चांगलें अन्न आहे, आणि तें खावें, हें सांगण्यास शास्त्रज्ञाची जरूरी नाहीं. प्रश्न पुढचा आहे. रोग झाल्यावर हेंच द्रव्य औषधाचें काम करील काय?

उभ्या पिकाचा अंदाज आणि खळ्यावरचें माप

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. त्या खात्यांत शिकलेला एक धडा येथें कामास येतो. बांधावर उभें राहून पिकाची आणेवारी ठरविणें निराळें आणि मळणी होऊन धान्य मापांत पडणें निराळें. बांधावरून दहा आणे दिसलेलें पीक खळ्यावर सहा आण्यांवर येतें, कारण मध्यें पाऊस, कीड, पोचट कणसें व उंदीर असतात. औषधांच्या बाबतींत काचेच्या बशींतील प्रयोग हा बांधावरचा अंदाज होय. रोग्याच्या शरीरावरील परिणाम हें खळ्यावरचें माप होय.

बशींतील प्रयोग असा असतो. रोग्याच्या गांठींतून घेतलेल्या कर्करोगाच्या पेशी पोषक द्रवांत वाढवितात आणि त्यांत क्वेर्सेटिन मिसळतात. स्तन, आंतडें, रक्त इत्यादींच्या कर्करोगांच्या पेशींची वाढ त्यामुळें मंदावते, आणि कांहीं पेशी मरतातही. हें शेंकडों प्रयोगांत दिसलें आहे व त्यांत लबाडी नाहीं. परंतु या प्रयोगांत क्वेर्सेटिनचें प्रमाण बहुधा दर लिटर द्रवांत ३ ते ३० मिलिग्रॅम इतकें ठेवलेलें असतें. तें जेवणांतून रक्तांत तितकें चढतें काय, हें पाहिलें पाहिजे.

याचा शोध हॉलंडमधील शास्त्रज्ञांनीं घेतला. १९९५ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, कांद्यांतील क्वेर्सेटिन साखरेशीं जोडलेलें असल्यामुळें तें शुद्ध क्वेर्सेटिनपेक्षां अधिक शोषलें जातें : कांद्यांतील सुमारें ५२ टक्के, तर शुद्ध रूपांतील सुमारें २४ टक्के. कांद्याच्या दृष्टीनें ही चांगली गोष्ट झाली. पुढच्या वर्षीं त्यांनीं परतलेले कांदे खाऊं घालून रक्त तपासलें. त्या कांद्यांत क्वेर्सेटिन सुमारें ६४ मिलिग्रॅम होतें. तीन तासांच्या आंत रक्तद्रवांतील त्याचें प्रमाण शिखरास पोंचलें, आणि तें शिखर दर मिलिलिटरास १९६ नॅनोग्रॅम, म्हणजे दर लिटरास सुमारें एक पंचमांश मिलिग्रॅम, एवढेंच होतें.

आतां त्रैराशिक मांडूं. बशींत मध्यम प्रमाण म्हणून दर लिटरास १५ मिलिग्रॅम धरूं. तें रक्तांतील शिखराच्या सुमारें ७५ पट होतें. १०० ग्रॅम कांद्यांत ३० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन धरलें तर ६४ मिलिग्रॅमसाठीं सव्वादोनशें ग्रॅमच्या आंतबाहेर कांदा लागतो. त्याच्या ७५ पट म्हणजे एका बैठकीस सोळा किलो कांदा! शरीर त्रैराशिकानें चालत नाहीं हें खरें; परंतु अंतर किती आहे हें यावरून कळतें.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. जें थोडें रक्तांत पोंचतें तेंही मूळ रूपांत राहत नाहीं. आंतड्याचें अस्तर व यकृत हीं दोन्ही परक्या द्रव्यास जसेंच्या तसें पुढें जाऊं देत नाहींत. त्यास दुसऱ्या द्रव्यांचीं शेपटें जोडून लघवीवाटे बाहेर घालविण्याची तयारी करतात. रक्तांत फिरतें तें बहुतेक असें शेपटें जोडलेलें क्वेर्सेटिन. बशींतील पेशींवर मात्र कोरें क्वेर्सेटिन टाकलेलें असतें. म्हणून एकीकडचा निष्कर्ष दुसरीकडे लावतां येत नाहीं.

मग तें सरळ शिरेंत कां देऊं नये? ब्रिटनमध्यें हाही प्रयोग झाला व १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. इतर उपाय थकलेल्या ५१ रोग्यांस क्वेर्सेटिन शिरेंतून देऊन मात्रा पायरीपायरीनें वाढविण्यांत आली. एका स्त्रीच्या अंडाशयाच्या कर्करोगांत रक्तांतील रोगाची खूण उतरली, हें उत्साहवर्धक होतें. परंतु मात्रा वाढवितांना मूत्रपिंडांस इजा होऊं लागली व तेथें थांबावें लागलें. जें ताटांत निरुपद्रवी तें शिरेंत मोठ्या मात्रेनें निरुपद्रवी राहीलच असें नाहीं, हा त्यांतील बोध. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९९९ सालीं क्वेर्सेटिनचा विचार करून, माणसांत कर्करोग उत्पन्न करण्याच्या बाबतींत त्याचें वर्गीकरण करतां येत नाहीं, असा शेरा मारला. कारण जिवाणूंवरील प्रयोगांत तें गुणसूत्रद्रव्यांत बिघाड करतांना दिसलें होतें, आणि जनावरांवरील प्रयोगांत एकवाक्यता नव्हती.

मोठ्या जनसमूहांवरील पाहण्या

रोग झाल्यावर नाहीं तर नाहीं. परंतु रोज खाल्ल्यानें रोग टळतो काय? याचें उत्तर हजारों लोकांच्या आहाराची नोंद ठेवून शोधावें लागतें. हॉलंडमधील झुटफेन गांवच्या वृद्ध पुरुषांची पाहणी १९९३ व १९९४ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आहारांत चहा, कांदा व सफरचंद यांतील फ्लेव्होनॉइड अधिक होते त्यांच्यांत हृदयविकारानें मृत्यु कमी आढळले. कर्करोगाच्या बाबतींत मात्र फरक दिसला नाहीं. फिनलंडमधील ९,९५९ स्त्रीपुरुषांच्या पाहणींत, जी १९९७ सालीं प्रसिद्ध झाली, अधिक फ्लेव्होनॉइड खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसला. त्यांत सफरचंदाचा वांटा मोठा होता.

अशा पाहणींत एक गोम असते. जो मनुष्य रोज सफरचंद खातो तो बहुधा विडी कमी ओढतो, चालतो अधिक, व त्याची कमाईही बरी असते. फळाचें श्रेय किती व त्याच्या राहणीचें किती, हें निवडणें कठीण. ज्या शेतांत खत, पाणी व बियाणें हीं तिन्ही एकदम सुधारलीं, तेथें उत्पन्न कशामुळें वाढलें हें सांगतां येत नाहीं, तसेंच हें आहे.

म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट करणें, एकास खरी गोळी व दुसऱ्यास तशीच दिसणारी पोकळ गोळी देणें, हा खरा कस. अमेरिकेंत २१,४४२ वयस्क लोकांवर असा प्रयोग झाला. कोको बियांच्या अर्कांतून रोज ५०० मिलिग्रॅम फ्लेव्हॅनॉल, म्हणजे याच कुळांतील द्रव्यें, त्यांतील निम्म्या लोकांस देण्यांत आलीं. २०२२ सालीं निकाल लागला. कर्करोगाचें प्रमाण त्यांच्यांत कमी झालें नाहीं.

याहून कडू धडा फिनलंडमधूनच मिळाला होता. गाजर व हिरव्या भाज्यांतील बीटा कॅरोटीन हें फ्लेव्होनॉइड नव्हे, परंतु तेंही वनस्पतींतील रंगद्रव्यच. भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी, असें दिसल्यावरून २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला गेला व त्यांतील निम्म्या लोकांस बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देण्यांत आल्या. १९९४ सालीं निकाल आला तो उलटा : गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्के अधिक झाला. गाजर वाईट ठरलें नाहीं. गाजरांतून एक द्रव्य उपटून मोठ्या मात्रेनें दिलें तर तें गाजराप्रमाणें वागत नाहीं, एवढें ठरलें.

औषध होण्याची खरी वाट : मुलुंडचें उदाहरण

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, मग वनस्पतींत औषध शोधणेंच व्यर्थ आहे. तसें नाहीं. आपल्या दारांतील सदाफुलीपासून निघालेलें व्हिन्क्रिस्टीन १९६० नंतरच्या दशकापासून रक्ताच्या कर्करोगावर वापरलें जात आहे. अर्थात् तें फ्लेव्होनॉइड नसून निराळ्या कुळांतील आहे. फ्लेव्होनॉइडांच्या घराण्यांतलें जें द्रव्य रोग्यांपर्यंत बरेंच पुढें गेलें त्याची जन्मकथा तर महाराष्ट्राशीं निगडित आहे.

कडुनिंबाच्या कुळांत डायसोक्सायलम बायनेक्टारिफेरम नांवाचा एक वृक्ष आहे. तो सह्याद्रीच्या जंगलांत होतो. मुंबईस मुलुंड येथें हेक्स्ट कंपनीचें संशोधन केंद्र होतें. तेथील शास्त्रज्ञांनीं या वृक्षांतून रोहिट्यूकीन नांवाचें द्रव्य वेगळें केलें व त्याची रचना १९८८ सालीं प्रसिद्ध केली. त्याच्याच धर्तीवर रसायनशाळेंत फेरफार करून फ्लेव्होपिरिडॉल नांवाचें नवें द्रव्य बनविण्यांत आलें. तें फ्लेव्होनॉइडाच्या सांगाड्यावर उभें आहे. पेशीनें केव्हां दुभंगावें याचें नियंत्रण शरीरांतील कांहीं विशिष्ट प्रथिनें करतात. त्यांस रोखणारें जें पहिलें औषध माणसांवर तपासलें गेलें तें हेंच.

सुरुवातीस तें रोग्यांस तीन-तीन दिवस शिरेंतून हळूहळू देण्यांत आलें. बशींत पेशी मारणारें द्रव्य रोग्यांत जवळजवळ निष्फळ ठरलें. कारण शोधतां असें आढळलें कीं, बशींतील पेशी वासराच्या रक्तद्रवावर वाढविलेल्या होत्या, आणि माणसाच्या रक्तांतील प्रथिनें या औषधास कितीतरी अधिक घट्ट धरून ठेवतात. मोकळें औषध उरतच नव्हतें. मग अमेरिकेंतील ओहायो येथील डॉक्टरांनीं मात्रेची वांटणी बदलली : कांहीं भाग अर्ध्या तासांत झपाट्यानें व उरलेला चार तासांत. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामांत, रक्ताच्या एका जुनाट कर्करोगाचे जे रोगी इतर औषधांस दाद देत नव्हते, त्यांतील बऱ्याच जणांस उतार पडला. परंतु आतां पेशी इतक्या झपाट्यानें मरूं लागल्या कीं त्यांच्या अवशेषांनीं मूत्रपिंडें बंद पडण्याची वेळ येई, व रोग्यांस यंत्रावर ठेवावें लागे. २०१४ सालीं अमेरिकेच्या औषध खात्यानें रक्ताच्या दुसऱ्या एका कर्करोगासाठीं त्यास विरळ रोगांवरील औषध म्हणून विशेष दर्जा दिला. सर्वसाधारण विक्रीची परवानगी मात्र त्यास मिळालेली नाहीं.

एक वृक्ष, एक प्रयोगशाळा, दोन खंडांतील इस्पितळें व तीस वर्षांहून अधिक काळ. इतकें होऊनही औषध दुकानांत आलें नाहीं. हें ज्यास कळलें तो आठवड्याच्या बाजारांत पुडी विकणाऱ्याच्या "एकवीस दिवसांत गांठ विरघळते" या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीं.

औषधाच्या आड येणारें अन्नद्रव्य

"उपयोग झाला नाहीं तरी अपाय तर नाहीं ना?" असें पुष्कळ जण विचारतात. कधीं कधीं अपाय असतो. हिरव्या चहांतील मुख्य कॅटेचिन हें बोर्टेझोमिब नांवाच्या कर्करोगावरील औषधास चिकटून त्याची शक्ति नाहींशी करतें, असें २००९ सालीं पेशींवर व उंदरांवर दाखविण्यांत आलें. म्हणजे रोगी महागडें औषध घेतो आहे आणि दुसऱ्या हातानें हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांनीं तें पुसून टाकतो आहे, असें होण्याचा संभव. त्याचप्रमाणें सोयाबीनमधील जेनिस्टीन हें टॅमोक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील औषधाच्या विरुद्ध जातें, असें २००२ सालीं उंदरांत दिसलें. पुढें स्त्रियांच्या पाहण्यांत सोयाबीनचे साधे खाद्यपदार्थ बाधक ठरले नाहींत; परंतु अर्काच्या गोळ्यांस तो निर्वाळा लागू पडत नाहीं. म्हणून ज्यावर उपचार चालू आहेत अशा रोग्यानें काढा, चूर्ण, अर्क, गोळी जें कांहीं घेत असेल तें डॉक्टरांस न लाजतां सांगावें. कांद्याची भाजी खाल्ल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

उत्पादकानें काय करावें

आपल्या मालांत गुण आहेत ते सांगण्यास हरकत नाहीं. परंतु गुण व दावा यांत कायद्यानें रेघ ओढली आहे. औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधींचा कायदा १९५४ सालीं झाला. ज्या रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास त्यानें मनाई केली, त्यांच्या यादींत कर्करोग आहे. केवळ "बरा करतो" असें नव्हे, तर "होऊं देत नाहीं" असें छापणेंही त्यांत येतें. अन्नपदार्थांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २००६ सालचा अन्न सुरक्षा कायदाही आहे. वाळविलेला कांदा, कांद्याची भुकटी किंवा द्राक्षाच्या बियांचा अर्क विकणाऱ्या सभासदांनीं पिशवीवरील प्रत्येक शब्द छापण्यापूर्वीं तपासून घ्यावा.

कायद्याची भीति बाजूस ठेवली तरी व्यवहाराचीही गोष्ट आहे. आपला कांदा त्याच्या टिकाऊपणावर, रंगावर, तिखटपणावर व प्रतवारीवर विकला जातो. ही पत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. खोट्या दाव्यानें एक हंगाम भाव मिळेल. दुसऱ्या हंगामांत ज्याच्या घरचा माणूस दगावला तो गिऱ्हाईक आपल्या गांवाचें नांव घेऊन शिव्या देईल.

रोग्याच्या घरच्यांनीं काय करावें

कर्करोगांत वेळ हेंच मुख्य भांडवल आहे. गांठ लहान असतांना जो उपाय पुरतो तो ती पसरल्यावर पुरत नाहीं. चूर्णानें रोग्याचा जीव सहसा जात नाहीं. चूर्ण घेण्यांत गेलेल्या तीन-चार महिन्यांनीं तो जातो. तोंडांत पंधरवड्यापेक्षां अधिक टिकलेला चट्टा किंवा फोड, स्तनांतील गांठ, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलें रक्त, गिळतांना अडकणें, शौचांतून रक्त, कारणावांचून वजन उतरणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर वाट न पाहतां तपासणी करावी. बहुतेक वेळां तें दुसरेंच कांहीं निघतें. परंतु तें कळण्यास तपासणीच लागते. उपचाराच्या खर्चाकरितां शासनाच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तिची चौकशी जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयांत आधीं करावी, मग जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याचा विचार करावा.

साध्या तपासणीनें काय होतें याचा दाखला मुंबईचाच आहे. टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून एक प्रयोग चालविला. एका गटांत शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं सौम्य सिरका लावून गर्भाशयाचें मुख तपासलें. या गटांत त्या कर्करोगानें होणारे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी झाले, असें २०१३ सालीं जाहीर झालें. सिरक्यांत औषधी गुण नव्हता. रोगट जागा त्यानें पांढरी दिसते व वेळेवर उपाय करतां येतो, एवढेंच. क्वेर्सेटिनच्या कोणत्याही गोळीनें आजवर इतके जीव वांचविल्याचें दिसलेलें नाहीं.

आणि जें टाळतां येतें तें आपल्या खिशांतच आहे. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचें मोठें कारण तंबाखू. नुसती सुपारीही निर्दोष नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं तिला कर्करोगकारक ठरविलें आहे. चुना मळीत मळीत फ्लेव्होनॉइडांच्या गोष्टी करण्यांत अर्थ नाहीं.

सारांश

(१) कांद्यांतील क्वेर्सेटिन व त्याच्या कुळांतील इतर द्रव्यें बशींत कर्करोगाच्या पेशींस रोखतात, हें खरें आहे.
(२) जेवणांतून रक्तांत पोंचणारें त्यांचें प्रमाण बशींतल्या प्रमाणाच्या मानानें फार थोडें असतें, व तेंही रूप पालटलेलें असतें.
(३) मोठ्या मात्रेनें दिलें तर अपाय संभवतो. कांहीं द्रव्यें चालू औषधाच्या आड येतात.
(४) या कुळांतून पुढें औषध निघणें शक्य आहे. परंतु तें प्रयोगशाळेंतून, मात्रा ठरून व रोग्यांवर तपासून येईल, चाळींतून किंवा पुडींतून येणार नाहीं.
(५) कांदा, फळें, भाज्या व कडधान्यें रोज खावीं, तीं अन्न म्हणून. तंबाखू व सुपारी सोडावी. गांठ किंवा चट्टा दिसतांच तपासणी करावी, आणि सुरू झालेला उपचार अर्ध्यावर टाकूं नये.

खळ्यावर माप पडेपर्यंत शेतकरी पिकाचे पैसे खर्च करीत नाहीं. औषधाच्या बाबतींतही तोच शहाणपणा पाळावा.